हातचे गेलेले घर : प्रस्तावना

इंग्लंड आणि वेल्समध्ये राहते घर घेऊ पाहणाऱ्याने सांगितलेली किंमत विक्रेत्याने मान्य केली की घर ‘मिळाले’ असे बोलले जाते. इस्टेट एजंट, म्हणजे विक्रेत्याने नेमलेला मध्यस्थ, घरासमोरच्या पाटीवर ‘विकले, कराराच्या अधीन’ अशी पट्टी लावतो, दोन्ही बाजूंच्या सॉलिसिटरांना, म्हणजे व्यवहाराचे कायदेशीर काम पाहणाऱ्या वकिलांना, टिपण धाडतो, आणि दोन्हीकडची कुटुंबे बांधाबांधीचा विचार करू लागतात. कायद्याच्या दृष्टीने मात्र त्या दिवशी काहीही घडलेले नसते. घर विक्रेत्याचे असते, पैसे खरेदीदाराचे असतात, आणि दोघांपैकी कोणीही कारण न देता, दुसऱ्याला एक पौंडही न देता, व्यवहारातून बाहेर पडू शकतो. ही स्थिती करारांची अदलाबदल होईपर्यंत, म्हणजे बहुधा काही महिने, टिकते, आणि किंमत ठरलेल्या व्यवहारांपैकी ढोबळमानाने तीनांतला एक याच काळात मोडतो, असा अंदाज ब्रिटिश सरकारही मांडत आले आहे. प्रस्तुत पुस्तकाचा विषय हा मोडलेला व्यवहार आहे: तो का मोडतो, मोडल्यावर खरेदीदाराचे नेमके काय जाते, आणि ते सोसून त्याने पुढच्या घराकडे कसे वळावे.

‘करारांची अदलाबदल’ हा शब्दप्रयोग जवळजवळ अक्षरशः घ्यावयाचा आहे. एकाच मजकुराच्या दोन प्रती तयार होतात, एकीवर विक्रेता व दुसरीवर खरेदीदार सही करतो, आणि ठरलेल्या क्षणी दोघांचे सॉलिसिटर त्या प्रती परस्परांना दिल्याचे मान्य करतात. पूर्वी त्यासाठी प्रत्यक्ष भेट होई, आज हे काम बहुधा दूरध्वनीवर, लॉ सोसायटी या सॉलिसिटरांच्या संघटनेने घालून दिलेल्या सूत्रांनुसार उरकते. त्याच वेळी खरेदीदार किमतीच्या सामान्यतः १० टक्के रक्कम अनामत म्हणून भरतो आणि उरलेली रक्कम देऊन ताबा घेण्याचा दिवस, ज्याला ‘कम्प्लीशन’ म्हणतात, पक्का होतो. या क्षणाआधीच्या तोंडी शब्दाला न्यायालयात थारा नाही, ही भूमिका फार जुनी आहे. जमिनीच्या व्यवहारावर दावा लावायचा तर त्याला लेखी आधार हवा, असे १६७७ च्या फसवणूक-प्रतिबंधक कायद्याने सांगितले, १९२५ च्या मालमत्ता कायद्याने तेच तत्त्व पुढे चालवले, आणि १९८९ च्या कायद्याने त्याहून पुढे जाऊन असे ठरवले की केवळ लेखी पुरावा पुरेसा नाही, करारच लेखी हवा, ठरलेल्या सर्व अटी त्यात हव्यात आणि दोन्ही पक्षांच्या सह्या हव्यात. शिवाय ‘कराराच्या अधीन’ हे शब्द पत्रव्यवहारात असले की औपचारिक करार होईपर्यंत कोणीही बांधला जात नाही, हे न्यायालयांनी एकोणिसाव्या शतकातच मान्य केले होते. भाडेपट्ट्याच्या बोलणीतून उद्भवलेला १८७७ चा विन विरुद्ध बुल हा खटला त्यासाठी आजही आधाराला घेतला जातो.

या नियमाला केवळ क्रूर म्हणणे अन्यायाचे होईल. घरातील दोष विक्रेत्याने आपणहून सांगितलेच पाहिजेत असे इंग्लिश कायदा परंपरेने मानत नाही. तपासणीची जबाबदारी खरेदीदाराची. ज्याने सगळे स्वतः तपासायचे, त्याला तपासण्यापुरता मोकळा वेळ आणि नापसंतीचा हक्क असायलाच हवा, आणि तो हक्क एकाच बाजूला देता येत नाही म्हणून दोन्ही बाजूंना दिलेला आहे. पाया खचल्याचा अहवाल आल्यावर ज्या नियमामुळे खरेदीदार विनासायास माघार घेतो तोच नियम विक्रेत्यालाही अधिक किंमत देणाऱ्याकडे जाण्याची मोकळीक देतो, ही गोष्ट माघार घेताना कोणाच्या लक्षात राहत नाही.

मराठी वाचकाला ही रचना पहिल्या वाचनात विचित्र वाटते, कारण त्याच्या डोक्यात वेगळा क्रम पक्का बसलेला असतो. महाराष्ट्रात जुन्या घराचा सौदा ठरला की टोकन दिले जाते, विसार पावती होते, मग नोंदणीकृत साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, आणि शेवटी मालकी देणारे खरेदीखत. विसाराची रक्कम विक्रेत्याच्या हातात पडलेली असते, त्यामुळे त्याचाही काही शब्द अडकलेला असतो, आणि पुढे तो फिरलाच तर १९६३ च्या विशिष्ट अनुतोष अधिनियमाखाली करार पुरा करून मिळावा असा दावा लावता येतो. २०१८ च्या दुरुस्तीने तर हा उपाय न्यायालयाच्या मर्जीवर सोडलेला न ठेवता बराचसा हक्काचा केला. ते दावे वर्षानुवर्षे चालतात हा भाग वेगळा. इंग्लंडमध्ये क्रम उलटा आहे: आधी शब्द, नंतर खर्च, आणि सर्वांत शेवटी बंधन. खरेदीदाराचे पैसे या काळात खर्च होतातच, पण ते विक्रेत्याकडे न जाता घराची तपासणी करणारा सर्व्हेयर, सॉलिसिटर, कर्ज देणारी संस्था आणि स्थानिक नगरपरिषद यांच्याकडे जातात, म्हणून व्यवहार मोडताना विक्रेत्याला परत देण्यासारखे काही नसते. सुपारी फुटल्यावर लग्न मोडावे तशी ही अवस्था आहे. फरक इतकाच की इथे मोडणाऱ्या बाजूला चारचौघांत तोंड लपवावे लागत नाही.

व्यवहार मोडण्याच्या कारणांत ज्याची चर्चा सर्वाधिक होते ते गझम्पिंग, म्हणजे एकाची किंमत मान्य केल्यानंतर विक्रेत्याने दुसऱ्याची जास्त किंमत स्वीकारणे. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला किमती झपाट्याने चढल्या तेव्हा हा प्रकार इतका बोकाळला की तो संसदेपर्यंत गेला. त्याचे उलटे रूप गझंडरिंग: अदलाबदलीच्या तोंडावर, विक्रेता अडकलेला पाहून, खरेदीदाराने किंमत पाडून मागणे. मंदीच्या काळात हे दुसरे रूप वाढते, आणि त्यात मराठी खरेदीदार मागे असतात असे मानण्याचे कारण नाही. अनेकांना ठाऊक नसलेली एक गोष्ट इथेच सांगितली पाहिजे. इस्टेट एजंटांना लागू असलेल्या १९९१ च्या आदेशानुसार आलेली प्रत्येक देकार-किंमत विक्रेत्याला तत्परतेने कळवणे एजंटावर बंधनकारक आहे, विक्रेत्याने तशी गरज नाही असे सांगितले नसेल तर. त्यामुळे ‘एजंटाने मुद्दाम दुसरे गिऱ्हाईक आणले’ हा आरोप कधी खरा असला तरी अनेकदा एजंट फक्त आपले कर्तव्य करत असतो.

खलनायक असल्यामुळे गझम्पिंग लक्षात राहते, परंतु त्याखेरीजची कारणे बहुतांशी चेहरा नसलेली असतात. त्यांतले सर्वांत इंग्लिश कारण म्हणजे साखळी. ज्याचे घर विकत घ्यायचे तो स्वतः दुसरे घर घेत असतो, त्या घराचा मालक तिसरे, आणि या सर्वांचे कम्प्लीशन एकाच दिवशी व्हावे लागते, कारण प्रत्येकाला पुढच्या घराचे पैसे मागच्या विक्रीतून मिळायचे असतात. म्हणून लीड्सच्या खरेदीदाराचे घर कॉर्नवॉलमधल्या एखाद्या अनोळखी वृद्धाच्या आजारपणामुळे, घटस्फोटामुळे किंवा नुसत्या मन बदलण्यामुळे हातचे जाते आणि त्याला खरे कारण कधी कळतही नाही. कर्ज देणाऱ्या संस्थेच्या मूल्यमापकाने ठरलेल्या किमतीपेक्षा कमी मूल्य लावणे, हे दुसरे कारण. बहुधा दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्यावर विकल्या जाणाऱ्या फ्लॅटच्या बाबतीत त्या पट्ट्याची उरलेली मुदत ८० वर्षांखाली गेलेली असली की प्रचलित नियमांनुसार मुदतवाढ महाग होते आणि मुदत आणखी घटत गेली तर संस्था कर्जच नाकारतात. १४ जून २०१७ रोजी लंडनच्या ग्रेनफेल टॉवरमध्ये लागलेल्या आगीत ७२ माणसे मेली, त्यानंतर इमारतींच्या बाहेरील आवरणाची तपासणी कडक झाली, आणि डिसेंबर २०१९ पासून ‘ईडब्ल्यूएस१’ या तपासणी-पत्रकाअभावी असंख्य फ्लॅटांची विक्री अडून राहिली. कधी कारण थेट राजधानीतून येते. २३ सप्टेंबर २०२२ रोजी मांडलेल्या तथाकथित छोट्या अर्थसंकल्पानंतर काही दिवसांतच कर्जसंस्थांनी शेकडो योजना मागे घेतल्या आणि व्याजदर चढले. तर ३१ मार्च २०२५ नंतर पहिले घर घेणाऱ्यांची मुद्रांक-शुल्कमुक्त मर्यादा ४,२५,००० पौंडांवरून ३,००,००० वर येणार असल्याने त्या तारखेआधी कम्प्लीशन गाठण्यासाठी इंग्लंडभर झुंबड उडाली, आणि ज्यांना ती तारीख गाठता आली नाही त्यांचे हिशेब हजारो पौंडांनी बदलले.

कारणांची ही लांबण लावण्याचा हेतू माहितीपुरता नाही. व्यवहार मोडल्यावर खरेदीदार जो पहिला प्रश्न विचारतो तो ‘आपले काय चुकले?’ हा असतो, आणि बहुतेक वेळा त्याचे खरे उत्तर ‘काहीच नाही’ असे असते. पण ते उत्तर पटण्यासाठी यंत्रणा कशी चालते हे आधी ठाऊक असावे लागते. या पुस्तकाची मुख्य भूमिका हीच आहे की अदलाबदलीपूर्वी मोडलेली खरेदी हे असे नुकसान आहे की ज्याला कायदा नुकसान म्हणत नाही आणि समाजही म्हणत नाही, आणि ते सोसणे जड जाते ते मुख्यतः या अमान्यतेमुळे.

मानसशास्त्रात या अवस्थेच्या जवळ जाणाऱ्या काही संकल्पना आहेत. अमेरिकन अभ्यासक केनेथ डोका यांनी १९८९ मध्ये ‘अमान्य शोक’ ही कल्पना मांडली: समाज ज्या दुःखाला दुःख म्हणून जागा देत नाही, ज्यासाठी कोणी भेटायला येत नाही, ते दुःख माणसाला अधिक एकटे पाडते. डोका यांच्या डोळ्यांसमोर मुख्यतः माणसांचे वियोग होते, आणि घर व माणूस एका पारड्यात घालणे शोभणार नाही. तथापि यंत्रणा तीच आहे. थॉमस होम्स आणि रिचर्ड रे यांनी १९६७ मध्ये जीवनातील ४३ तणावकारक घटनांची गुणांसह यादी केली, तीत राहण्याची जागा बदलणे आहे, मोठे कर्ज काढणे आहे, कर्जापायी घर जप्त होणे आहे. जे घर घेतलेच गेले नाही त्याला तिथे स्थान नाही. डॅनियल काहनेमन, जॅक नेत्श आणि रिचर्ड थेलर यांच्या १९९० मधील प्रयोगांत लोकांनी नुकत्याच मिळालेल्या साध्या कपाची किंमत, तो न मिळालेल्यांच्या मानाने, सुमारे दुप्पट लावली. स्वामित्वाची भावना इतकी झटपट रुजत असेल, तर तीन महिने ज्या घराच्या खोल्या मनातल्या मनात वाटून झालेल्या आहेत त्याबद्दल ती रुजते यात नवल नाही. शिवाय इंग्लंडमध्ये स्वतःचे घर हे निवाऱ्यापलीकडे स्थैर्याचे प्रमाणपत्र मानले जाते, असे समाजशास्त्रज्ञ पीटर साँडर्स यांनी १९९० मध्ये विस्ताराने मांडले होते, आणि ज्या कुटुंबाचा त्या देशातला मुक्काम व्हिसाच्या मुदतीवर अवलंबून असतो त्याला हे प्रमाणपत्र अधिकच हवेसे वाटते.

स्लाउ, हॅरो, रेडिंग किंवा मिल्टन कीन्स येथील मराठी कुटुंबांच्या बाबतीत आणखी एक पदर जोडला जातो. किंमत मान्य झाल्याच्या संध्याकाळी पुण्याला किंवा नाशिकला फोन जातो, घराची छायाचित्रे नात्यात फिरतात, वास्तुशांतीसाठी आईवडिलांची तिकिटे पाहिली जातात, पाडवा किंवा अक्षय्य तृतीया गाठण्याचा बेत होतो. आणि साखळीतल्या कोणालाही मुहूर्ताशी देणेघेणे नसते. पुढे व्यवहार फिसकटल्यावर तीच बातमी पुन्हा प्रत्येकाला सांगावी लागते, आणि ‘विसार दिला नव्हता का?’ या प्रश्नाचे उत्तर देताना खरेदीदार आपल्याच नात्यात अडाणी ठरतो. ‘वास्तू लाभावी लागते’ या वडीलधाऱ्यांच्या वाक्याला सुशिक्षित कानांनी हसू नये. ते तर्काला धरून नसेलही, पण दोषाचे ओझे खरेदीदाराच्या डोक्यावरून उतरवण्याचे काम ते एखाद्या समुपदेशकापेक्षा लवकर करते.

सावरण्याची सुरुवात भावनेपासून करावी की हिशेबापासून, याबद्दल मतभेद संभवतात. इथे हिशेबाची बाजू घेतलेली आहे, कारण अनिश्चित नुकसान हे निश्चित नुकसानापेक्षा मोठे भासते. जे गेले ते लिहून काढले की त्याला कडा येतात. सर्व्हे, म्हणजे घराच्या बांधणीची तज्ज्ञाकडून केलेली तपासणी, आणि सर्चेस, म्हणजे नगरपरिषद व जलकंपनी यांच्याकडे रस्ते, नियोजन, मलनिःसारण यांबाबत केलेली विचारणा, हे दोन्ही खर्च त्या विशिष्ट घराचे असल्याने बुडतात. मात्र तोच व्यवहार काही आठवड्यांनी पुन्हा जुळला तर सर्चेस सामान्यतः सहा महिन्यांपर्यंत उपयोगी पडू शकतात, म्हणून ते कागद रागाच्या भरात टाकून देऊ नयेत. कर्जाची मंजुरी अनेकदा नव्या घराच्या मूल्यमापनानंतर त्याच संस्थेकडे पुढे चालवता येते. सॉलिसिटरचे शुल्क त्याच्या अटींवर अवलंबून असते. ‘व्यवहार नाही तर शुल्क नाही’ अशी बोली असली तरी इतरांना दिलेल्या रकमा त्यात धरलेल्या नसतात. घरखरेदी-संरक्षण विमा घेतला असेल तर विक्रेत्याच्या माघारीसारख्या ठरावीक कारणांसाठी यांतले काही पैसे परत मिळतात, पण तो विमा व्यवहाराच्या आरंभीच घ्यावा लागतो. भारतातून आईवडिलांनी रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली, जिची मर्यादा प्रत्येक व्यक्तीला आर्थिक वर्षाला अडीच लाख डॉलर आहे, पैसे धाडलेले असतील तर त्यांच्या उगमाची कागदपत्रे जपून ठेवावीत. पुढच्या घराच्या वेळी तीच पुन्हा मागितली जातात.

हिशेबाचा दुसरा उपयोग असा की तो पुढची चूक टाळतो. हाल आर्क्स आणि कॅथरीन ब्लूमर यांनी १९८५ मध्ये दाखवून दिले की आधी खर्च झालेल्या पैशाला जागण्यासाठी माणसे तोट्याच्या गोष्टीतही आणखी पैसे घालतात. घराच्या बाबतीत हे दोन वाटांनी घडते: एकतर हातचे गेलेले घर परत मिळवण्यासाठी न परवडणारी किंमत बोलली जाते, किंवा ‘आता काहीही करून’ या जिद्दीने पहिले दिसेल ते घर घेतले जाते. दोन्ही वाटांना थोपवण्याचा खात्रीचा उपाय म्हणजे अदलाबदल होईपर्यंत पाठीमागचे पूल शाबूत ठेवणे. भाड्याच्या घराची नोटीस तोपर्यंत देऊ नये. मुलांच्या शाळेसाठी नव्या पत्त्यावर विसंबू नये, कारण इंग्लंडमध्ये माध्यमिक प्रवेशाच्या अर्जाची अंतिम तारीख ३१ ऑक्टोबर आणि प्राथमिकची १५ जानेवारी असते, आणि नगरपरिषदा नव्या पत्त्याच्या पुराव्यादाखल बहुधा अदलाबदल झाल्याचे सॉलिसिटरचे पत्रच मागतात.

आधीच काही बंधन घालून घेता येते का, याचे उत्तर मर्यादित ‘हो’ असे आहे. विक्रेत्याने ठरावीक मुदतीत दुसऱ्या कोणाशी बोलणी करणार नाही असे मान्य करणे, याला लॉक-आउट करार म्हणतात. १९९२ च्या वॉलफर्ड विरुद्ध माइल्स या निकालात तेव्हाचे सर्वोच्च न्यायालय असलेल्या हाउस ऑफ लॉर्ड्सने स्पष्ट केले की ‘सद्भावनेने बोलणी करू’ हा करार अंमलात आणता येत नाही, पण निश्चित मुदतीचा आणि मोबदल्यावर आधारलेला लॉक-आउट आणता येतो. पुढच्याच वर्षी पिट विरुद्ध पीएचएच अ‍ॅसेट मॅनेजमेंट या खटल्यात अपील न्यायालयाने केवळ १४ दिवसांचा असा करार बंधनकारक ठरवला. हा करार विक्रेत्याला विकायला भाग पाडत नाही, दुसऱ्याशी बोलण्यापासून थांबवतो एवढेच. तेवढ्यानेही सर्व्हेचा खर्च करण्याआधी खरेदीदाराला उसंत मिळते, आणि सामान्य घरखरेदीत तो इतका क्वचित वापरला जातो याचे आश्चर्य वाटते.

सुधारणांचा इतिहास थोडक्यात आटोपतो, कारण त्यात घडले थोडे. लॉ कमिशनने, म्हणजे कायद्यातील सुधारणा सुचवणाऱ्या वैधानिक मंडळाने, १९७५ मध्ये या प्रश्नाचा अभ्यास करून कायदा बदलू नये असाच निष्कर्ष काढला. २००७ मध्ये विक्रेत्याने आरंभीच घराची माहिती पुरवण्याची सक्ती करणारे ‘होम इन्फर्मेशन पॅक’ आले आणि मे २०१० मध्ये नव्या सरकारने ते थांबवले. त्यातले ऊर्जा-प्रमाणपत्र तेवढे उरले. स्कॉटलंडमध्ये १ डिसेंबर २००८ पासून विक्रेत्याने सर्व्हेसह ‘होम रिपोर्ट’ देणे सक्तीचे आहे, आणि तिथे देकार सॉलिसिटरांमार्फत लेखी दिला जातो व ‘मिसिव्ह्ज’ नावाची पत्रे पुरी झाली की दोन्ही बाजू बांधल्या जातात. अलीकडे तिथेही ही पत्रे पुरी व्हायला उशीर होतो, त्यामुळे स्कॉटलंडचे जे गुणगान दक्षिणेत ऐकू येते ते थोडे कमी करून घ्यावे. ऑक्टोबर २०२५ मध्ये ब्रिटिश सरकारने विक्रीच्या आरंभीच माहिती देण्याची सक्ती आणि लवकर बंधनकारक होणारे करार असे प्रस्ताव चर्चेसाठी मांडले. यांतला पहिला प्रस्ताव अधिक मोलाचा आहे, कारण आधी माहिती न देता घातलेले बंधन खरेदीदारालाच जाचक ठरेल.

पुढील प्रकरणांत या सर्व बाबींचा सविस्तर विचार आलेला असून विवेचन इंग्लंड आणि वेल्सपुरते आहे. ते सॉलिसिटरच्या सल्ल्याची जागा घेऊ शकत नाही. ज्या वाचकांचा व्यवहार नुकताच मोडला आहे त्यांनी कायद्याच्या इतिहासाची प्रकरणे तूर्त बाजूला ठेवून आधी हिशेबाचे प्रकरण वाचावे, आणि त्याच दिवशी सॉलिसिटर व सर्व्हेयर या दोघांना काम थांबवण्याची लेखी सूचना द्यावी; अजून न झालेला सर्व्हे रद्द करून त्याचे पैसे वाचवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या थोड्या दिवसांपुरतीच असते.